प्रश्न तुमचे : गॅरंड रायफलीसाठी दारू कोणती, गोळी कोणती?

प्रश्न (मिशिगनहून एक वाचक) : ताई, सप्रेम नमस्कार. माझे सासरे गेल्या हिवाळ्यात गेले. दरवर्षी न चुकता हरणाच्या शिकारीला जाणारा माणूस. त्यांच्या मागे दोन रायफली निघाल्या. एक शिकारीची बोल्ट अ‍ॅक्शन आणि दुसरी जुनी लष्करी एम-१ गॅरंड. तिच्यावर 'इंटरनॅशनल हार्वेस्टर' असं कोरलेलं आहे. दोन्ही थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाच्या. कागदपत्रं रीतसर झाली आहेत. तळघरात काडतुसं भरायचा प्रेस, आयएमआर ४३५० या बंदुकीच्या दारूच्या तीन सीलबंद बाटल्या, १८० ग्रेनच्या शिकारी गोळ्यांचे चार डबे आणि त्यांच्या हस्ताक्षरातली वही आहे. वहीत याच दारूचं, याच गोळीचं माप लिहून ठेवलंय. मला गॅरंड घेऊन रेंजवर जायचंय. काडतूस दोन्हींना एकच लागतं, मग वहीतल्या मापानं भरलं तर चालेल ना?

उत्तर : नाही, चालणार नाही. ते माप शिकारीच्या रायफलीचं आहे. तुमच्या सासऱ्यांना ते नक्की ठाऊक असणार; त्यांच्यापुरतं ते इतकं उघड होतं, की वहीत वेगळं लिहावंसं वाटलं नसेल. हे उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत प्रेसला हात लावू नका.

आधी तुमच्या हातात काय आलंय ते सांगते. इंटरनॅशनल हार्वेस्टर म्हणजे ट्रॅक्टरवालेच. १९६०च्या दशकात महिंद्रानं ज्यांच्याशी भागीदारी करून मुंबईत ट्रॅक्टर बनवायला घेतले, तीच कंपनी. कोरियाच्या युद्धाच्या काळात अमेरिकी सरकारनं त्यांना गॅरंड बनवायचं कंत्राट दिलं आणि इंडियानातल्या इव्हान्सव्हिलच्या कारखान्यात त्या तयार झाल्या. म्हणजे तुमची रायफल सत्तरीची. रायफलीचा जनक जॉन गॅरंड मूळचा कॅनडातल्या क्वेबेकचा, नोकरीला मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्ड आर्मरीत. त्याची ही रायफल लष्करानं १९३६मध्ये स्वीकारली आणि पुढे ५० लाखांहून जास्त तयार झाल्या. वजन साडेनऊ पौंड, पत्र्याच्या एका क्लिपमध्ये आठ काडतुसं. शेवटचं झाडलं की रिकामी क्लिप 'टिंग्' करून वर उडते.

आता मुद्दा. बोल्ट अ‍ॅक्शन रायफलीत गोळी सुटली की काम संपलं. नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट तुम्ही हातानं उघडता. गॅरंडमध्ये ते काम जळत्या दारूचा वायू करतो. चोवीस इंची नळीच्या तोंडापासून साधारण दीड इंच अलीकडे, नळीच्या पोटात एक भोक आहे. जेमतेम दोन मिलिमीटरचं, जाड सुईचं टोक जाईल एवढं. गोळी या भोकावरून पुढे सरकली की मागचा वायू भोकातून खालच्या सिलिंडरमध्ये शिरतो आणि ऑपरेटिंग रॉडला मागे ढकलतो. तो रॉड बोल्ट उघडतो, रिकामी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, बाहेर फेकतो, स्प्रिंग दाबतो. परतताना नवं काडतूस आत सारतो. भोक ओलांडल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंतचा वेळ सेकंदाच्या वीसहजाराव्या भागाएवढा. एवढ्या वेळात भोकाशी दाब किती आहे, यावर सगळं ठरतं.

आणि दारू निवडताना नेमकी इथेच चूक होते. सगळे जण नळीच्या मागच्या टोकाचा, काडतूस बसतं त्या चेंबरमधला दाब बघतात. पुस्तकातही तोच छापलेला असतो. चुलीत पाचट घातलं तर भडका उडतो आणि लगेच ओसरतो. बाभळीचा ओंडका घातला तर जाळ हळूहळू चढतो आणि बराच वेळ टिकतो. ४३५० म्हणजे ओंडका. सावकाश जळते म्हणून ती जास्त भरता येते, आणि जड गोळीला लांबवर ढकलत नेते. चेंबरमधला दाब मर्यादेतच राहतो, पण गोळी भोकाशी पोचते तेव्हाही मागे बराच वायू जोरात असतो. बोल्ट अ‍ॅक्शनला भोकच नाही, त्यामुळे तिला काही फरक पडत नाही. तुमच्या सासऱ्यांची ४३५० आणि १८० ग्रेनची जोडी हरणासाठी उत्तम आहे, त्यांची निवड चोख होती. गॅरंडमध्ये मात्र तोच जोर ऑपरेटिंग रॉडवर हातोड्यासारखा बसतो.

हा रॉड सरळ नसतो. नळीखालून येऊन बोल्टपर्यंत पोचण्यासाठी त्याला मुळातच बाक दिलेला आहे. त्यामुळे त्याला आणखी बाक आला तर नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. माझ्या गॅरेजच्या भिंतीवर असा एक रॉड टांगलेला आहे. एका परिचितानं सावकाश दारू आणि जड गोळी वापरून तो वाकवला. नवा बसवला तेव्हा जुना मी मागून घेतला. शेजारी चांगला रॉड धरला तरच मधल्या बाकातला फरक दिसतो. अशा रायफलीत बोल्टही वेगानं मागे आदळतो आणि रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मुख्य चौकटीच्या, मागच्या टाचेला धक्के बसत राहतात. रॉड बदलता येतो. रिसीव्हर तडकला तर ती रायफल संपली.

म्हणून पहिलं काम रायफल तपासण्याचं. ती रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, मग लाकडी भाग उतरवा, आतली लांब स्प्रिंग काढा, रॉड आणि बोल्ट पुन्हा जागेवर बसवा. आता नळीचं तोंड वर करा. रॉड बोल्टला घेऊन आपल्या वजनानं मागे सरकला पाहिजे. तोंड खाली केलं की तसाच पुढे. मध्ये कुठे अडकला, खरखरला, तर रॉड वाकलाय किंवा कुठेतरी घासतोय. सासऱ्यांनी गॅरंड फारशी वापरली नसेल तर बहुधा ठीकच निघेल, पण पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. तसंच हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली मोकळी जागा) आणि नळीची झीज एखाद्या जाणत्या गनस्मिथकडून गेज लावून तपासून घ्या. दहा मिनिटांचं काम असतं.

आता दारू. ही रायफल ज्या काडतुसावर युद्धात चालली त्याचं नाव एम-२ बॉल. गोळी १५२ ग्रेनची, वेग सेकंदाला २,७४० फुटांच्या आसपास. त्यात दारू असायची आयएमआर ४८९५. मधल्या वेगानं जळणारी, बारीक काळसर कांड्यांची. या दारूची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. युद्ध संपल्यावर सरकारकडे ४८९५चे ढीग उरले, कोणाला नको होते. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडननं ते विकत घेतले आणि घरी काडतुसं भरणाऱ्यांना स्वस्तात विकले. आज हॉजडन हे या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव आहे, आणि त्याची सुरुवात गॅरंडच्या उरलेल्या दारूतून झाली. मी स्वतः पंधरा वर्षं ४८९५च वापरते. आयएमआर ४०६४सुद्धा उत्तम. मॅच खेळणारे बरेच जण तीच घेतात, फक्त तिच्या कांड्या लांब असल्यानं मापातून एकसारखी पडत नाही, तराजूवर तोलावी लागते. या दोघींच्या आसपासची दारू घ्या. त्यापेक्षा सावकाश जळणारी गॅरंडच्या वाट्याला नको.

एक सावधगिरी. दुकानात आयएमआर ४८९५ आणि एच ४८९५ अशा दोन बाटल्या दिसतील. आकडा तोच, पण दारू एक नाही. दुसरी ऑस्ट्रेलियात बनते आणि ऊन-थंडीत तिचा वेग कमी बदलतो. दोन्ही गॅरंडला चालतात, पण एकीचं माप दुसरीला लावायचं नाही. पुस्तकातलं पान उघडताना बाटलीवरचं अक्षर आणि पानावरचं अक्षर बोट ठेवून जुळवा.

गोळीबद्दल. आपल्या लोकांना ग्रेन म्हटलं की अंदाज येत नाही, म्हणून सोन्याच्या मापात सांगते. इंग्रजांनी ठरवलेला तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता. म्हणजे तुमच्या सासऱ्यांची प्रत्येक गोळी एक तोळ्याची. आणि एक ग्रेन म्हणजे अर्ध्या गुंजेहून थोडा जास्त. सराफ गुंजेत तोलायचा, आपण गुंजेच्या विसाव्या भागापर्यंत तोलतो; तराजू किती नीट हवा ते यावरून लक्षात येईल.

गॅरंडला तोळ्याची गोळी नको. १५० ग्रेनची पूर्ण तांब्याच्या आवरणाची गोळी घ्या, म्हणजे दहा मासे. सरावाला तीच उत्तम, एम-२च्या अगदी जवळची. नेमबाजीची मॅच खेळायची तर १६८ ग्रेनची मॅच गोळी घ्या. ती कागदावर जास्त जवळजवळ लागते. लष्कराच्या मॅच काडतुसात १७३ ग्रेनची असायची. मी त्यापलीकडे जात नाही. जड गोळी जास्त वेळ नळीत राहते, मागून जास्त वायू रेटावा लागतो, आणि मग तीच भोकाची गोष्ट. शिवाय शिकारी गोळीचं टोक मऊ शिशाचं. गॅरंड काडतूस इतक्या झटक्यात आत ढकलते, की ते टोक चेपतं.

माप किती भरायचं, हे मी इथे छापणार नाही. एक तर प्रत्येक रायफलीत, प्रत्येक पुंगळीत, दारूच्या प्रत्येक लॉटमध्ये फरक असतो. दुसरं कारण आपल्या मराठी आकड्यांचं. इथे वाढलेली मुलं आपला ४ पाहून इंग्रजी आठ वाचतात, हे मी माझ्याच घरी पाहिलंय. दारूच्या मापात तसं झालं तर हात जाईल. गोळी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या पुस्तकांत थर्टी-ऑट-सिक्सचं एक प्रकरण असतं आणि काहींमध्ये एम-१ गॅरंडचं वेगळं. तुम्हाला ते वेगळं प्रकरण हवं. त्यातल्या सगळ्यात खालच्या मापापासून सुरू करा. अर्ध्या-अर्ध्या ग्रेननं वर जा, प्रत्येक पायरीला आठ काडतुसं. गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावा. रायफल न अडखळता चालू लागली आणि कागदावर गोळ्या जवळ आल्या की थांबा. १५० ग्रेनच्या गोळीनं २,७०० फुटांच्या आसपास जाऊन पोचलात तर तुम्ही १९४४च्या सैनिकाएवढा वेग गाठलात. त्यापुढे काही मिळवायचं नाही. मी तर त्याच्याही बऱ्याच खाली राहते. २०० यार्डांवर कागदाला भोक पाडायला तेवढं पुरतं, खांदाही दुखत नाही आणि पुंगळ्याही टिकतात.

बाजारात गॅस सिलिंडरच्या पुढच्या स्क्रूऐवजी बसवायचा, वायू थोडा बाहेर सोडणारा स्क्रू मिळतो. तो असला की दुकानातली तेज काडतुसंही चालतात. एखाद्याला ती सोय हवी असेल तर हरकत नाही. पण स्क्रू आहे म्हणून वाट्टेल ती दारू भरायची, हे मला मान्य नाही. उद्या तो स्क्रू काढून कोणी मूळचा बसवला, आणि तुमच्या काडतुसांचा डबा शेल्फवर तसाच असला, तर? तुमच्या वहीसारखंच होईल.

आता टोपी, म्हणजे पुंगळीच्या बुडात बसवलेली, पिनेच्या टोच्यानं पेटून दारू पेटवणारी छोटी वाटी. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण दारूपेक्षा मला तिची भीती जास्त आहे. गॅरंडची फायरिंग पिन मोकळी असते, तिला मागे धरणारी स्प्रिंग नाही. बोल्ट बंद होतो तेव्हा ती आपल्या वजनानं पुढे येऊन टोपीला हलकं टोचते. न झाडलेलं काडतूस बाहेर काढून बघा, टोपीवर टिकलीएवढाही नाही असा बारीक खड्डा दिसेल. टोपी कडक आणि नीट आत बसलेली असली तर काही होत नाही. टोपी मऊ असली, किंवा पुंगळीच्या बुडापेक्षा केसभर वर राहिली, तर चापाला हात न लावता काडतूस उडतं.

माझ्या दुसऱ्या वर्षी हे माझ्या हातून झालं. एकच काडतूस उरलं होतं. मी ते बोटानं थेट नळीत टाकलं आणि बोल्ट सोडला. बोल्ट पोचता पोचता आवाज झाला. नळी लक्ष्याच्या मातीच्या बांधाकडे होती, गोळी तिथे गेली. कोणाला काही झालं नाही, पण माझे हात पाच मिनिटं थरथरत होते. घरी येऊन त्या डब्यातली सगळी काडतुसं मी टेबलावर उभी-आडवी मांडली आणि प्रत्येकाच्या बुडावरून अंगठा फिरवला. तीन टोप्या वर होत्या. डोळ्याला दिसत नव्हत्या, अंगठ्याला कडा लागत होती.

माझे बाबा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत तपासणीला होते. कामाचं घरी बोलत नसत. पण एकदा मी फार मागे लागले तेव्हा त्यांनी जेवणाच्या टेबलावर स्टीलची वाटी उपडी केली आणि बुडावरून अंगठा फिरवून दाखवला: "असं." एवढंच. तो अंगठा मला चाळीस वर्षांनी ओहायोत आठवायला हवा होता, काडतुसं भरण्याआधी. आता मी प्रत्येक काडतुसावरून अंगठा फिरवल्याशिवाय ते डब्यात ठेवत नाही. टोपी बुडाच्या किंचित आत हवी, कडा अजिबात लागता कामा नये.

म्हणून टोप्या लष्करी प्रतीच्या कडक घ्या. सीसीआय कंपनीची ३४ नंबरची मी वापरते. पुंगळीतला टोपीचा खळगा खरवडून साफ करा. लष्करी पुंगळी असेल तर टोपीभोवतीची दाबलेली कडा आधी काढून टाका. पुंगळी पूर्ण आकारात दाबून घ्या, नुसता गळा नव्हे, आणि प्रत्येक पुंगळी गेजमध्ये टाकून बघा. आणि एकेक काडतूस झाडायचं असलं तर त्यासाठी एकाच काडतुसाची क्लिप मिळते, ती घ्या. बोटानं नळीत टाकून बोल्ट सोडणं कायमचं बंद.

पुंगळी किती वेळा भरायची? मी चारदा भरते, पाचव्यांदा भंगारात. गॅरंड पुंगळीला खेचून बाहेर काढते, तिथे पितळ ताणलं जातं. एक पेपरक्लिप सरळ करून टोकाला बारीक आकडा काढा आणि पुंगळीच्या आतून बुडाजवळ फिरवा. कुठे खाच लागली तर ती पुंगळी पुढच्या वेळी दोन तुकडे होणार. बाहेरून बुडाच्या वर चमकदार कडं दिसलं तरी तेच.

त्या तीन बाटल्या आणि चार डबे फेकू नका. सासऱ्यांच्या बोल्ट अ‍ॅक्शनसाठी ते सोनं आहे. वहीच्या त्या पानावर लाल शाईनं लिहा: फक्त बोल्ट अ‍ॅक्शन. वही, बाटल्या, गोळ्या एका खोक्यात, गॅरंडचं सामान दुसऱ्या खोक्यात, दुसऱ्या फळीवर. आणि टेबलावर एका वेळी दारूची एकच बाटली.

प्रश्न (पेनसिल्व्हेनियाहून एक वाचक) : जुन्या लष्करी काडतुसांचा एक सीलबंद डबा लिलावात मिळाला. पुंगळीच्या बुडावर ५२ असं वर्ष आहे. झाडू का?

उत्तर : डबा आतून कोरडा असेल, पुंगळ्यांवर हिरवं चढलेलं नसेल, गळ्याला चीर नसेल, तर रायफलीला चालेल. पण त्या वर्षांच्या अमेरिकी काडतुसांतल्या टोप्या क्षारवाल्या असू शकतात. १९५५च्या आधीची सगळी मी तशीच धरते. टोपी जळली की नळीत एक प्रकारचं मीठ उरतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि एका रात्रीत गंज चढतो. तेलानं मीठ जात नाही, पाण्यानं जातं. त्याच दिवशी घरी येऊन नळीत गरम पाणी घाला, मग कोरडी करा, मग तेल. गॅस सिलिंडर आणि रॉडचं पुढचं टोक विसरू नका, मीठ तिथेही पोचतं. बुडावर एचएक्सपी अशी अक्षरं असलेली ग्रीक काडतुसं मिळाली तर ती घ्या. त्यांच्या टोप्यांनी गंज चढत नाही, आणि पुंगळ्या पुन्हा भरायला फार चांगल्या.

प्रश्न (न्यू जर्सीहून एक वाचक) : ताई, माझ्या मिस्टरांना हा नाद लागलाय. घरात दारू ठेवलीय, दोन लहान मुलं आहेत. मला झोप लागत नाही. त्यांनी सगळं बंदुकीच्या लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवलंय, ते बरोबर आहे का?

उत्तर : रायफल कपाटात, हे बरोबर. दारू कपाटात, हे चूक. हे त्यांना आजच सांगा. ही धूर न होणारी दारू उघड्यावर पेटली तर वेगानं जळते, पण फुटत नाही. जाड पोलादी बंद पेटीत पेटली तर तिला कुठे जायला जागा नसते आणि मग पेटीच बॉम्ब होते. म्हणूनच कंपनी दारू तकलादू प्लास्टिकच्या बाटलीत विकते. आत दाब वाढला की बाटली चिरते आणि प्रकरण तिथेच संपतं. दारू त्याच बाटलीत राहू द्या. जाड फळ्यांची लाकडी पेटी करून घ्या, बाहेरून कुलूप लावा, थंड आणि कोरड्या जागी ठेवा, गरम पाण्याच्या बंबापासून आणि भट्टीपासून दूर. अग्निसुरक्षेच्या राष्ट्रीय नियमांनुसार घरात मूळ बाटल्यांत २० पौंडांपर्यंत चालते. त्यावर गेलात तर इंचभर जाडीच्या लाकडी पेटीची सक्ती आहे. मी म्हणते, मुलं असतील तर एका पौंडालाही पेटी हवी. टोप्या वेगळ्या खोलीत, त्यांच्याच खोक्यात. बरणीत ओतून ठेवायच्या नाहीत. एक उडाली तर सगळ्या उडतात.

दर सहा महिन्यांनी बाटली उघडून वास घ्या. चांगल्या दारूला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा तीव्र, स्वच्छ वास येतो. आंबट, डोळ्यांत झोंबणारा वास आला, किंवा झाकणाच्या आत तांबूस भुकटी दिसली, तर ती सडली. मोह न धरता काढून टाका. थोडी असेल तर मी बागेत गुलाबांच्या मुळाशी पातळ पसरते आणि वर माती ओढते. तिच्यातलं नायट्रोजन झाडाला लागतं. कुत्रं असेल तर मात्र तिकडे जाऊ देऊ नका. नाव पुसलेली, चिठ्ठी नसलेली बाटली सापडली तर आत काय आहे याचा अंदाज बांधत बसू नका, तिचीही तीच वाट.

आणि एक तुमच्यासाठी. एकदा त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. मोजत असताना ते बोलतात का, फोन घेतात का, टीव्ही चालू असतो का, बघा. तसं असेल तर उठून टीव्ही बंद करा. तेवढा हक्क तुम्हाला आहे.

प्रश्न (पुण्याहून एक वाचक) : इथे रायफल नेमबाजी करतो. तुमच्या लेखांवरून घरी काडतुसं भरून पाहावी असं वाटतं.

उत्तर : पाहू नका. भारतात परवान्याशिवाय काडतुसं तयार करणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आणि गॅरंडसारखी अर्धस्वयंचलित रायफल तर सामान्य नागरिकाला मिळतच नाही. मी जे लिहिते ते अमेरिकेतल्या कायद्यात बसणाऱ्यांसाठी. तुमच्या क्लबच्या प्रशिक्षकांना विचारा, ते सांगतील तेवढंच.

प्रश्न (पहिल्याच वाचकाची ताजा कलमात जोडलेली ओळ) : आणि ताई, शिकायला जाऊ कुठे? ओळखीचं कोणी नाही.

उत्तर : तुम्ही मिशिगनला आहात, म्हणजे ओहायोतलं कॅम्प पेरी तुमच्या शेजारचंच. ईरी सरोवराच्या काठावर, पोर्ट क्लिंटन गावाजवळ. उन्हाळ्यात तिथे राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा होतात आणि त्यात जॉन गॅरंडच्या नावाची एक मॅच असते, खास या रायफलीसाठी. ती भरवणारी सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम ही संस्था जुन्या गॅरंड पात्र नागरिकांना विकते आणि नवशिक्यांना शिकवतेही. आधी नुसते बघायला जा. मागच्या बाकावर एखाद्या पांढऱ्या केसांच्या माणसाशेजारी बसलात आणि रायफलीवर इंटरनॅशनल हार्वेस्टर आहे म्हणालात, की पुढचे दोन तास तुम्हाला काही विचारावं लागणार नाही.

मॅच तीस गोळ्यांची, २०० यार्डांवर. आधी पालथं पडून सावकाश दहा, मग पालथं पडूनच ८० सेकंदांत दहा, शेवटी उभं राहून दहा. मधल्या टप्प्याला क्लिप आठांची आणि गोळ्या दहा, म्हणून आधी दोन काडतुसांची क्लिप घालतात, ती उडाली की आठांची. त्या घाईत नव्या माणसाचा अंगठा बोल्टखाली येतो. उजव्या तळहाताची कड रॉडच्या मुठीला टेकवून, अंगठ्यानं क्लिप खाली दाबायची आणि ती बसली की अंगठा चटकन काढायचा. घरी नकली काडतुसांवर याचा पन्नास वेळा सराव करून जा. सरोवरावरून वारा आडवा येतो, उभं राहून झाडताना तो रायफलीसकट माणसाला हलवतो. झेंड्यांकडे बघून थांबायला शिका. आणि गवतात उडून पडलेली क्लिप मॅच संपल्यावर उचलून खिशात टाका. तीच पुन्हा वापरायची असते.